धुतलेली किमची

यंत्र बोललं. तसं ते रोजच बोलायचं. इमारतीच्या मागे, सायकलींच्या छपराशेजारी, उष्टं-खरकटं टाकण्यासाठी बसवलेलं यंत्र. कार्ड टेकवलं की झाकण उघडायचं, आत पडलेल्या अन्नाचं वजन व्हायचं आणि शाळेतल्या बाईंच्या गोड, कोरड्या आवाजात ते वजन चारचौघांत जाहीर व्हायचं, म्हणजे पुढे बिलावरून कुणी भांडायला नको. ओक-बुनच्या कानांना त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तो आता त्यांच्यात शिरतही नसे. पण त्या सकाळी तिने पिशवी उपडी केली आणि आत काहीतरी धाडकन आदळलं, दगडावर दगड पडावा तसं. आवाजाने आकडा सांगितला, मागे उभी असलेली सातव्या मजल्यावरची बाई हसली आणि म्हणाली, "मावशी, घराची भिंत पाडलीत की काय?" ओक-बुनही हसली. हसता हसताच तिची नजर आत गेली. गोठून एकमेकांना चिकटलेल्या वड्यांच्या त्या लगद्यावर, अगदी वर, टोफूची एक पिवळट चकती होती आणि त्या चकतीवर एक हिरवं पान होतं. ते पान तिने स्वतः बोटाने दाबून बसवलं होतं. मागच्या वर्षी, मामंजींच्या श्राद्धाला. त्यांच्या फोटोपुढे ही चकती उदबत्तीच्या धुरात उभी राहिली होती, घरच्यांनी तिला वाकून नमस्कार केला होता म्हणायचा, आणि मग कुणी ती खाल्ली नाही म्हणून ती काळ्या पिशवीत गेली, पिशवी बर्फात गेली, आणि आज... झाकण आपलं आपण मिटलं. तिचा हात अर्धवट पुढे झाला होता. मागच्या बाईने खाकरून आपलं कार्ड पुढे केलं, तेव्हा ओक-बुन बाजूला झाली. पण जिना चढताना तिला आलं ते रडू नव्हतं, राग होता. कुणाचा राग, हे तिला दुसऱ्या मजल्यावर कळेना आणि चौथ्यावर कळेना. पाचव्या मजल्यावर, आपल्या दारात, चपला काढता काढता ती मोठ्याने म्हणाली, "आता या घरातून एक घास बाहेर जाणार नाही. आणि एक घास बाहेरून येणारही नाही."

ब्योंग-हो, तिचा नवरा, आवाज बंद करून टीव्ही बघत बसला होता. कारखान्यातल्या पाळ्या कमी केल्यापासून एका आड एक आठवडा तो असाच घरी बसायचा आणि आवाज ठेवायचा नाही. जणू आवाज ठेवला तर आपण घरी आहोत हे कुणाला तरी कळेल. "म्हणजे?" त्याने विचारलं. "म्हणजे बाजार बंद. फ्रीज खणायचा." "हल्ली सगळेच करतात म्हणे," तो म्हणाला, आणि तिला वाटलं, हा माणूस आता घर जळालं तरी म्हणेल, हल्ली सगळ्यांचीच जळतात म्हणे. पण तिने खणायला घेतलंच. एक उभा फ्रीज, एक किमचीचा, म्हणजे मिरची लावून आंबवलेल्या कोबीचा, आडवा, दोन्ही गच्च. वरच्या थरात ओळखीचं काही काही, त्याखाली अर्धवट आठवणारं, आणि त्याखाली नुसत्या काळ्या पिशव्या, पांढऱ्या हिमाने माखलेल्या, आत काय आहे ते हाताला लागेपर्यंत न कळणाऱ्या. विहीर खणणाऱ्याने माती चाखून बघावी तसं ती एकेक पिशवी कोमट पाण्यात धरून वास घ्यायची. "आज काय?" "जे हाताला लागेल ते." "काल काय होतं?" "मासा." "मला कोंबडी वाटली." "मग कोंबडी असेल. जेवलात ना?" तो जेवत होता. श्राद्धाच्या, सणांच्या जुन्या वड्या किमचीच्या आंबट पाण्यात उकळल्या की त्यांचं जे दाट, तेलकट, लालभडक कालवण होतं ते तो दोनदा मागून घेत होता. एकदा तर मान खाली घालून म्हणाला, "आपण हे इतकी वर्षं टाकत होतो?" तिच्या ध्यानात येत होतं की या पिशव्यांत जे आहे ते बहुतेक सगळं मेलेल्या माणसांसाठी विकत आणलेलं आहे. जिवंत माणसांनी रोज मोजून-मापून खायचं, आणि फोटोपुढे मात्र ताटं उंच रचायची, शेजारच्या घरापेक्षा एक बोट उंच, आणि मग ती उंची बर्फात पुरायची. खणायला लागल्यावर समजलं, आपण फ्रीज खणत नाही आहोत. आपण इतक्या वर्षांची लाज खणतो आहोत.

मामंजींचं श्राद्ध जवळ आलं तसा वन्संचा फोन आला. क्योंग-ए, ब्योंग-होची मोठी बहीण, सोल शहराच्या पलीकडे राहायची, नवरा बरा मिळवता, आवाज नेहमी जिना चढून आल्यासारखा. "ओक-बुन, ऐक. मी एका दुकानातून सगळं मागवतेय. भात-रस्सा सोडून सगळं घरपोच देतात. वड्या, मासा, भाज्या, सोललेले चेस्टनटसुद्धा. तू फक्त मांडायचं." "नको वन्सं. घरात आहे सगळं." "घरात काय आहे?" "आहे." "फ्रीजमधलं?" फोनवर एक मोठा श्वास. "ब्योंग-हो म्हणाला मला. अगं, आपण उपाशी मरतोय का? बाबांना शिळं वाढणार तू?" "एकदा मांडलेलं पुन्हा मांडणार नाही. तेवढं मला कळतं. ते आम्हीच खातोय. न मांडलेलंच वाढीन." "लोक काय म्हणतील?" "लोक कुठे येणार आहेत वन्सं? तुम्ही आणि आम्ही." यावर वन्सं अगदी हळू आवाजात, म्हणजे खरं बोलायचं तेव्हा काढायच्या त्या आवाजात, म्हणाल्या, "हे बघ, तुला झेपत नसेल तर सांग. हल्ली श्राद्धाचे हॉल असतात. नाव, तारीख दिली की ते लोक दरवर्षी नीट करतात, आपण जाऊन नमस्कार करून यायचं. मी चौकशी केलीय. या वर्षी नीट झालं नाही तर पुढच्या वर्षीपासून बाबांचा फोटो तिकडे." फोन ठेवल्यावर ओक-बुन बराच वेळ फोटोकडे बघत राहिली. फोटोतले मामंजी कोट घालून, ओठ मिटून बसलेले. फोटोग्राफरने सांगितलं म्हणून मिटलेले ओठ. एरवी त्यांचं तोंड नेहमी काहीतरी चघळत असायचं, दात गेल्यावरसुद्धा. त्यांना हॉलवर न्यायचं. अनोळखी माणसांनी वाढलेल्या ताटापुढे बसवायचं. तिला वाटलं, ते तिथे बसतील आणि प्रत्येक घासाला विचारतील, हे कुठून आलं? आणि कुणी सांगणार नाही.

"हे कुठून आलं?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. पोर होते तेव्हा समुद्रापलीकडच्या आपल्या गावातून होडीत बसून ते इकडे इंचॉनला आले, आई वाटेतच गेली, आणि पुढे युद्धाने कोरियाचे दोन तुकडे झाले तेव्हा ते गाव कायमचं कुंपणापलीकडे, उत्तरेत राहिलं. त्या वाटेवरची भूक त्यांच्या अंगात अशी बसली होती की ताटात आलेल्या प्रत्येक पदार्थाचं गाव विचारल्याशिवाय त्यांचा हात पुढे होत नसे. पालक कुठला, मीठ कुठलं, टोफू कुणी केला. ओक-बुनला आधी याचा कंटाळा यायचा. पण ती लहानपणापासून आईबरोबर डोंगरातल्या मठात जायची, आणि तिथे एक म्हातारे भिक्खू मोठा ढोल समोर घेऊन उपदेश गाऊन सांगायचे. बोलायचे नाहीत, गायचेच. ढोलावर एक थाप आणि एक ओळ, मग पुन्हा थाप. एकदा त्यांनी भुकेल्या प्रेतांचं निरूपण लावलं होतं. प्रेतांचं पोट डोंगराएवढं आणि गळा सुईएवढा. जेवून झाल्यावर मठातले लोक आपला कटोरा पाण्याने विसळतात, मुळ्याच्या फोडीने आतून पुसतात, ते पाणी स्वतः पितात, आणि मग अगदी शेवटचं, स्वच्छ, आरपार दिसणारं पाणी तेवढं त्या प्रेतांसाठी बाहेर ठेवतात. त्या पाण्यात मिरचीचा एक कण जरी राहिला तर तो सुईएवढ्या गळ्यात पेट घेतो. म्हणून, बाबांनो, गाळ आपण प्यावा, स्वच्छ ते दुसऱ्याला द्यावं, अशी ओळ त्यांनी इतकी लांबवून, इतकी गोड लांबवून गायली होती की आईच्या मांडीवर बसलेल्या ओक-बुनला पुढे कित्येक दिवस पाणी पिताना घशात सुई टोचायची. लग्नानंतर हे तिने एकदा मामंजींना सांगितलं. देवळाची वाट कधी न धरलेला तो माणूस ऐकून घेत राहिला, आणि मग हसून म्हणाला, "सूनबाई, तो मीच की. होडीत असताना अगदी असाच होतो. पोट मोठं, गळा बारीक." त्या दिवसापासून ती त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देऊ लागली. पालक खालच्या आजीकडचा. मीठ पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं. टोफू माझा.

श्राद्धाच्या सकाळी ती किमची धुवायला बसली. मामंजींच्या गावाकडे कोबीची किमची घालून मोठाले मांदू करतात, पातळ पारीत मूठभर सारण, कडा दाबून दोन्ही टोकं जुळवलेली. श्राद्धाच्या ताटात ते हवेतच. पण मिरची ताटात चालत नाही. लाल रंगाने भुतं पळतात तसे पितरही दारातून परत फिरतात, हे इथे पोराटोरांनाही ठाऊक. म्हणून सारणाची किमची आधी पाण्यात धुवायची, पुन्हा धुवायची, लाल पाणी गुलाबी होईपर्यंत आणि गुलाबी पाणी पांढरं होईपर्यंत, मग पिळून घ्यायची. बोटं गार पडली. धुताना तिला ते शेवटचं वर्ष आठवलं, मामंजींची किडनी बिघडली होती आणि मीठ-मिरची बंद. वन्सं रोज फोन करून पथ्याची चौकशी करायच्या. ओक-बुन रोज अशीच किमची धुवून त्यांना द्यायची आणि ते एक पान तोंडात धरून खिडकीबाहेर बघत बसायचे. "ही किमची नाही सूनबाई, हे तिचं प्रेत आहे," एकदा म्हणाले. "माझी जीभ पुढे गेली, मी मागून जाईन." दुसऱ्या दिवशी दुपारी तिने घरच्यांसाठी केलेल्या लाल मांदूतला एक फोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला. नेमका तेव्हाच फोन वाजला. "पथ्य नीट चाललंय ना?" "हो वन्सं." समोर मामंजी चावत होते, दात नसलेल्या हिरड्यांनी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, नाक लाल, खांदे हसण्याने हलताहेत. "बाबा खोकताहेत का?" "हो वन्सं, जरा ठसका लागला." फोन ठेवल्यावर त्यांनी उरलेला अर्धा मागितला. पुढे अधूनमधून हे होत राहिलं. ती देत राहिली, ते रडत-हसत खात राहिले, आणि हे ब्योंग-होलाही कधी कळलं नाही. हे आठवून तिला एकटीलाच हसू फुटलं. मांदू भरून झाले, पिठात लोळवून ताटलीत मांडले, ताटली गोठायला ठेवली. खणून खणून आता फ्रीजरमध्ये इतकी जागा झाली होती की आतल्या दिव्याचा उजेड पहिल्यांदा तळापर्यंत पोचला.

वन्सं दिवेलागणीच्या आधी आल्या. बूट काढतानाच त्यांनी नाक वर करून वास घेतला. मग ताटांपाशी उभ्या राहून, हात मागे बांधून, तपासणी. नेच्याचे वाळवलेले कोंब, उन्हाळ्यात तिनेच वाळवलेले. सुका मासा. चेस्टनट, लाल बोरं. भोपळ्याच्या वड्या. भात. मुळ्याचा रस्सा. "हे सगळं फ्रीजमधून?" "बोरं कपाटातून." "आणि हे?" "मांदू. फ्रीजमधून." वन्संना दोष सापडला नव्हता, आणि तो न सापडल्यामुळे त्या जरा गोंधळल्या होत्या. "उंची कमी वाटते," शेवटी म्हणाल्या. "खाता येईल इतकी आहे," ओक-बुन म्हणाली. ब्योंग-होने उदबत्ती लावली, दारू ओतली, कपाळ जमिनीला टेकवून नमस्कार केला. त्याच्या पँटचा मागचा भाग झिजून चकाकत होता आणि तो उठताना गुडघ्याचा आवाज आला. भाताचं झाकण काढून त्यात चमचा रोवला. मग सगळ्यांनी बाहेर यायचं आणि दार ओढून घ्यायचं, कारण जेवणारा माणूस कुणी बघत असेल तर नीट जेवत नाही. ओक-बुन सगळ्यांत मागे होती. दार ओढताना तिने एकवार आत बघितलं, आणि मांदूच्या ताटलीत कडेला बसलेल्या एकाच्या पारीतून, वाफेने पातळ झालेल्या पारीतून, आतला लाल रंग वर आलेला तिला दिसला. मेणबत्तीच्या उजेडात तो उगाच जिवंत वाटला, ओठासारखा. दार लागलं.

ती तिघं दाराकडे पाठ करून ओळीने उभी. कसं झालं ते ओक-बुनला लगेच कळलं. सारण थोडं कमी पडलं होतं, ताटली भरेना, तेव्हा फ्रीजरमध्ये तळाला एक पिशवी सापडली, पिठाने आणि हिमाने पांढरी, आणि गोठलेले मांदू सगळे पांढरेच दिसतात. थंडीत घरच्यांसाठी केलेल्या लाल मांदूंपैकी उरलेला एक तिने न ओळखता ताटलीत बसवला होता. फ्रीज खणायचा हट्ट केला नसता तर तो तळाशी राहिला असता. दुकानातून मागवलं असतं तर... तिच्या मनात वन्संचा आवाज बोलायला लागला आणि तिने तो बोलू दिला. आता आत काय चाललं असेल? मामंजी दारापर्यंत आले असतील, वाकून बूट काढत असतील, आणि तो लाल ठिपका बघून पुन्हा बूट घालत असतील? उपाशी? होडीतलं ते पोट, तो गळा? क्षणभर तिला खरोखरच दार उघडावंसं वाटलं, हात मागे गेला, बोटं लाकडाला लागलीसुद्धा. शेजारी वन्सं डोळे मिटून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. बहुधा त्या बाबांशी बोलत होत्या, आणि तसं बोलताना त्यांचा चेहरा मुलीचा झाला होता. ओक-बुनला त्यांची दया आली, आणि दयेच्या मागोमाग ते ढोलाचे ठोके आले, लांबवलेली ओळ आली, मिरचीचा कण सुईएवढ्या गळ्यात पेट घेतो. आणि मग, सगळ्यांत शेवटी, खोलीच्या आतून जसा यावा तसा, तिला तो आवाज आला. दात नसलेल्या तोंडाचं चावणं. मच्-मच्, हसू दाबत. तिला माहीत होतं की हा आवाज आपल्या कानात आहे, खोलीत नाही. पण कोण म्हणतं कान खोटे असतात? कुठल्या पितराच्या गोष्टी सांगताय मला? तुमचे पळत असतील मिरचीला. माझे नाहीत. माझ्या हातून त्यांनी खाल्लीय, डोळ्यांत पाणी आणून, उरलेला अर्धा मांदूही मागून. तिने बोटं लाकडावरून काढून घेतली. ब्योंग-हो खोकला, म्हणजे आत येतोय हे कळावं म्हणून, आणि दार उघडलं.

रस्सा उचलून त्या जागी पाण्याचा वाडगा ठेवायचं काम सुनेचं. तिचा हात मांदूच्या ताटलीवरून गेला. एक मांदू उचलून पदराआड, म्हणजे एप्रनच्या खिशात, टाकायला इतका वेळ पुरेसा होता. वन्सं मेणबत्तीची वात सारखी करत होत्या. ओक-बुनने वाडगा ठेवला. मग दोन बोटांनी ताटली धरून ती फोटोच्या दिशेने जराशी पुढे सरकवली.

प्रसादाला बसल्यावर वन्संनीच तो उचलला. नेमका तोच; नशिबाने म्हणा किंवा ज्याला लोक नशीब म्हणतात त्याने. दातांखाली पारी फुटली, वन्सं थांबल्या, चॉपस्टिक खाली ठेवल्या आणि अर्धा मांदू दिव्याकडे धरून बघितला. "हे लाल काय आहे?"

"मिरची," ओक-बुन म्हणाली.

"मिरची! बाबांच्या ताटात? ब्योंग-हो, बघतोयस? तुझ्या बायकोने बाबांना दारातून हाकललं! वर्षातून एकदा यायचं त्या माणसाने, आणि..."

"चुकून आला तो. बाकीचे धुतलेले आहेत. पण दार लावताना मी बघितला होता वन्सं, आणि नंतर मी तो काढला नाही."

"का?"

"त्यांना आवडायचा म्हणून."

ओक-बुनने मग सगळं सांगितलं, एका दमात, आवाज न वाढवता. ती दुपार, हातावरचा अर्धा मांदू, फोन, ठसका. सांगताना तिने कुणाची माफी मागितली नाही, तशी ती आज मागणारही नव्हती. "तुम्ही विचारलंत, बाबा खोकताहेत का. ते खोकत नव्हते. खात होते. मरायच्या आधी माणसाने एकदा तरी काहीतरी खायला हवं होतं, ते मी त्यांना दिलं. आता तुम्हाला न्यायचा तर फोटो हॉलवर न्या. खुशाल न्या. फोटो तिथे राहील. पण जेवायला ते इथेच येतील."

खोलीत उदबत्तीचा धूर सरळ वर जात होता. ब्योंग-हो भावाच्या आणि नवऱ्याच्या मधल्या जागेत बसल्यासारखा बसला होता, मग त्याने पहिल्यांदाच आपण होऊन तोंड उघडलं आणि म्हणाला, "ताई, तो अर्धा गार होतोय."

वन्संनी त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या तुकड्याकडे. आणि मग, कदाचित तो कुठे ठेवावा हे न सुचल्यामुळे, तोंडात टाकला. मिरची जुनी होती, बर्फात राहून जास्तच झोंबरी झालेली. वन्सं खोकल्या, नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी ते पुसलं नाही, आणि ते कशाचं हे कुणी विचारलंही नाही. "तिखट आहे," त्या म्हणाल्या, एवढंच.

जेवणं झाल्यावर ओक-बुनने मामंजींचा वाडगा आणि मांदूची ताटली पुढे ओढली. वाडग्यात कोमट पाणी घातलं, ताटलीतला लालसर ओघळ त्यात उतरवला, मुळ्याच्या लोणच्याची एक फोड घेतली आणि लहानपणी मठात बघितलं होतं तशी ती आतून गोल, सावकाश फिरवली, कडा, तळ, पुन्हा कडा. पाणी गढूळ, किंचित तांबडं झालं. वन्संच्या समोर, ब्योंग-होच्या समोर, फोटोच्या समोर तिने तो वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि घटाघट प्याली. घसा जळत गेला. जळू दे. मग वाडग्यात स्वच्छ पाणी घेतलं, दिव्यासमोर धरून ते आरपार दिसतंय ना ते बघितलं, आणि गॅलरीत, बाहेरच्या अंधाराकडे तोंड करून, कठड्यापाशी ठेवून आली.

वन्सं दारात बूट चढवत होत्या. खाली वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "पुढच्या वर्षीचं काय ते मी फोनवर बोलेन."

"बोला ना वन्सं," ओक-बुन म्हणाली. "फक्त आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या वर्षी मी किमची धुणार नाही."